पेशव्यांचा गेंडा कुणी काढला?

"मॅडम, आमच्या आजोबांच्या पेटीत एक जुनं चित्र सापडलं. खाली नावही नाही, सालही नाही. मग ते कुणी काढलं हे कसं कळणार?" नंदनवनातल्या आमच्या शाळेत चौथीतल्या एका मुलीने मला विचारलं. प्रश्न मोठा नामी! चला तर मुलांनो, आज थोडी गुप्तहेरगिरी करू या.

सुरुवात एका गेंड्यापासून. हो, गेंड्यापासूनच! १७९० साली पुण्यात पेशव्यांच्या शिकारखान्यात एक गेंडा होता. त्याचं जलरंगातलं चित्र आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. गेंडा पुण्याचा आणि मुक्काम अमेरिकेत! ते काढलं गंगाराम चिंतामण तांबट या पुण्याच्या चित्रकाराने. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी तो चित्रं काढायचा.

आता गंमत पाहा. एकटं चित्र मुकं असतं. त्याच्या शेजारी त्याच हाताची दुसरी चित्रं ठेवली की ते बोलू लागतं. झाडाची पानं कशी काढलीत, सावली कोणत्या बाजूला, रेघ जाड की नाजूक, हे जाणकार ताडून पाहतात. तुमच्या वह्या नाव न वाचता मी ओळखते ना, तसंच! शिवाय मॅलेट १७८६ पासून दहा-एक वर्षं पुण्यात होता. म्हणजे त्याच्यासाठी पुण्यात काढलेलं चित्र त्याच काळातलं.

गंगारामने वेरूळच्या लेण्यांचीही चित्रं काढली. स्कॉटलंडहून आलेल्या जेम्स वेल्स या चित्रकारालाही त्याने मदत केली. वेल्स १७९५ साली वारला. पुढे १८०३ मध्ये लंडनला वेरूळचं मोठं चित्रपुस्तक निघालं. त्याच्या शीर्षकावर नावं कुणाची? वेल्सची आणि ते छापणाऱ्या थॉमस डॅनियलची! आपला गंगाराम लोकांना ठाऊक व्हायला पुष्कळ वर्षं जावी लागली. मला तर याचा रागच येतो.

पण नाव नसलं तरी कागद चुगली करतो, बरं का. जुना कागद उजेडासमोर धरला की कधीकधी आत पुसट अक्षरं दिसतात. त्याला जलचिन्ह म्हणतात. १७९४ पासून इंग्लंडच्या अनेक कागदांत सालही येऊ लागलं. समजा, कागदात १७९७ दिसलं, तर चित्र त्याआधीचं असूच शकत नाही. नंतरचं मात्र असेल, कारण कागद वर्षानुवर्षं कपाटात पडून राहू शकतो.

रंगांचंही तसंच. प्रशियन निळा हा रंग १७०६ च्या सुमारास जर्मनीत सापडला. कृत्रिम अल्ट्रामरीन निळा आला १८२८ मध्ये. पेशवेकालीन म्हणून कुणी चित्र दाखवलं आणि प्रयोगशाळेत त्यात हा दुसरा निळा निघाला, तर समजावं, काहीतरी गडबड आहे. आणि कागद अतिनील दिव्याखाली पांढराशुभ्र निळसर चमकला, तर तो बहुधा १९५० नंतरचा. धुण्याच्या पावडरीमुळे शर्ट चमकतो ना, तसले पदार्थ त्यात असतात.

घरी काय करता येईल? भिंग घ्या. रंग बारीक बारीक ठिपक्यांचे बनलेले दिसले, तर ते छापील चित्र. रंग कागदात मुरलेला आणि कडेला गडद साचलेला दिसला, तर जलरंग असण्याची शक्यता आहे. मागची बाजूही बघा. दुकानाचा शिक्का, चिठ्ठी, पेन्सिलीचे आकडे, काहीही सापडू शकतं.

पालकांनो, तुम्हालाही एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत असं चित्र ओल्या फडक्याने पुसू नका, जलरंग पाण्याने निघून जातो! उन्हात टांगू नका, रंग उडतात. सेलोटेप तर मुळीच नको. आणि रद्दीत टाकण्याआधी आजीला विचारा, हे घरात कधी आलं, कुणी आणलं. ती सांगेल ते वेगळ्या कागदावर तारखेसह लिहून चित्राजवळ ठेवा. जाणकाराला दाखवायचं असेल, तर आपल्या नागपुरात १८६३ साली सुरू झालेलं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला आहेच. त्या मुलीला मी तिथेच विचारायला सांगितलंय. जाताना चित्र गुंडाळू नकोस, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून ने, असंही सांगितलं.