पाचव्या धावपटूची शर्यत

आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा म्हटली की भव्य क्रीडागार, आखीव धावमार्ग आणि सेकंदाचा शंभरावा भाग टिपणारी यंत्रे डोळ्यांसमोर उभी राहतात. क्रॉसकंट्री शर्यतीला यांतले फारसे काही लागत नाही. कुरणे, टेकड्या, ओढे आणि चिखल हेच तिचे मैदान. कोणतेही दोन मार्ग सारखे नसल्यामुळे येथे जागतिक विक्रमाला अर्थ उरत नाही. त्या दिवशी, त्या मातीवर कोण पुढे आला एवढाच प्रश्न असतो. अशा या अनलंकृत खेळाला विद्यापीठांनी दीर्घकाळ आश्रय दिला, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

या खेळाचा उगमच मुळी विद्यार्थ्यांच्या दंगामस्तीत आहे. एकाने कागदाचे कपटे टाकीत पुढे पळावयाचे आणि इतरांनी त्या मागावरून त्याला गाठावयाचे, असा खेळ इंग्लंडमधील शाळांत रूढ होता. रग्बी येथील शाळेतील प्रसिद्ध ‘क्रिक रन’ १८३८ सालापासूनची मानली जाते. १८६८ साली लंडनजवळ ‘टेम्स हेअर अँड हाउंड्स’ हा क्लब स्थापन झाला आणि १८८० साली ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांत पहिली शर्यत झाली. विम्बल्डनच्या माळरानावर सुमारे साडेसात मैलांची ही लढत आजही चालू आहे. पुढे १९०३ साली स्कॉटलंडमधील हॅमिल्टन पार्क येथे इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्स यांच्यात आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली आणि या मैदानी खेळाला राष्ट्राराष्ट्रांतील चुरशीचे रूप आले.

ऑलिंपिकने मात्र त्याला फार काळ थारा दिला नाही. १९१२, १९२० आणि १९२४ अशा तीनच ऑलिंपिकमध्ये क्रॉसकंट्रीचा समावेश झाला. १९२४ साली पॅरिसच्या भर उन्हाळ्यात ३८ जण धावू लागले आणि अवघे १५ शेवटपर्यंत पोहोचले. फिनलंडचा पावो नुर्मी जिंकला. पण मार्गावर कोसळलेल्या धावपटूंचे दृश्य इतके विदारक होते की ऑलिंपिकची दारे या खेळाला बंद झाली. पॅरिसच्याच २०२४ च्या ऑलिंपिकसाठी क्रॉसकंट्रीचा मिश्र रिले घेण्याची सूचना पुढे आली होती. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२० साली तीही अमान्य केली. सर्वांत मोठ्या व्यासपीठावरून असा बाहेर पडलेला खेळ जगावयाचा, तर त्याला दुसरे घर हवे होते. त्यांपैकी एक घर विद्यापीठांनी दिले.

जगातील विद्यार्थ्यांना एकत्र खेळविण्याची कल्पना फ्रान्सच्या जाँ पेतिजाँ यांची. त्यांच्या पुढाकाराने १९२३ साली पॅरिस येथे विद्यापीठांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यार्थिजगतही पूर्व व पश्चिम अशा दोन गटांत विभागले गेले. १९४९ साली स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय विद्यापीठ क्रीडा महासंघ हा त्यांपैकी पश्चिमेकडील गट होय. १९५९ साली इटलीतील तुरिन येथे प्रिमो नेबिओलो यांच्या प्रयत्नाने दोन्ही गट एका मैदानावर आले. विजेत्याच्या राष्ट्रगीताऐवजी ‘गौदेआमुस’ हे विद्यार्थ्यांचे जुने लॅटिन गीत वाजविण्याचा तेथील निर्णय पुरेसा बोलका आहे.

याच महासंघाच्या आश्रयाखाली १९६८ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथे जागतिक विद्यापीठ क्रॉसकंट्री अजिंक्यपद स्पर्धेचा आरंभ झाला. प्रौढांची जागतिक क्रॉसकंट्री स्पर्धा बेल्जियममधील वारेगेम येथे सुरू झाली ती १९७३ साली. म्हणजे या बाबतीत विद्यार्थी पाच वर्षे पुढे होते. युरोपात सुरू झालेला हा प्रवास २०१० साली कॅनडातील किंग्स्टन, २०१४ साली युगांडातील एंटेबी आणि २०२४ साली ओमानमधील मस्कत येथवर पोहोचला. ज्या खेळाला केवळ मोकळी जमीन आणि निर्धार लागतो, तो असा दूरवर पोहोचावा यात नवल नाही.

तथापि या खेळाचे खरे मर्म त्याच्या गुणपद्धतीत आहे. अमेरिकेतील विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, जी १९३८ सालापासून चालू आहे, प्रत्येक संघाचे सात जण धावतात आणि पहिल्या पाचांच्या क्रमांकांची बेरीज केली जाते. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो संघ विजयी. म्हणजे पहिला आलेला खेळाडू कितीही असामान्य असो, त्याच्याकडून संघाला मिळतो तो एकच गुण. गर्दीत कोठेतरी, कोणाचेही लक्ष नसताना, दोन प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकणारा पाचवा धावपटू अजिंक्यपदाचा निकाल फिरवू शकतो. सामान्याच्या चिकाटीला इतके मोल देणारे खेळ फार थोडे आहेत.

हीच पद्धत एका वादाचेही मूळ ठरली. १९७० नंतर अमेरिकन विद्यापीठांनी आफ्रिकेतील धावपटूंना शिष्यवृत्त्या देऊन मोठ्या संख्येने आणले. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाकडून धावणारा केनियाचा हेन्री रोनो १९७६, १९७७ व १९७९ साली राष्ट्रीय क्रॉसकंट्री विजेता ठरला आणि १९७८ साली त्याने ८१ दिवसांत चार जागतिक विक्रम केले. मुख्यत्वे आफ्रिकी धावपटूंच्या बळावर टेक्सास विद्यापीठाच्या एल पासो येथील संघाने १९८१ साली अवघ्या १७ गुणांत अजिंक्यपद मिळविले. पाचही जण सर्वांच्या पुढे आले तरी बेरीज १५ च्या खाली जाऊ शकत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या पराक्रमाची कल्पना येते. विद्यापीठे विद्यार्थी घडवितात की तयार धावपटू विकत घेतात, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. आक्षेप निराधार नाही. परंतु पायांतील बळावर ज्यांना उच्च शिक्षणाचे दार उघडले, त्यांच्या दृष्टीने तो अपुराही आहे. शिष्यवृत्ती पदवीपर्यंत नेते की केवळ पदकापर्यंत, हाच येथे खरा निकष मानावा लागेल.

भारतीय विद्यापीठ संघातर्फे आपल्याकडेही आंतरविद्यापीठ क्रॉसकंट्री स्पर्धा होतात आणि जागतिक विद्यापीठ क्रीडा महासंघात भारताचे प्रतिनिधित्वही हाच संघ करतो. तेव्हा हा इतिहास आपल्याला परका नाही. कोट्यवधी रुपयांची क्रीडासंकुले उभारण्याची ऐपत प्रत्येक विद्यापीठाला नसेल. माळरान आणि टेकडी मात्र बहुतेकांच्या आवाक्यात आहे. उणीव असलीच तर ती दृष्टीची. एक पदकविजेता हेरून त्याच्याच मागे धावण्याची सवय आपल्या क्रीडाव्यवस्थेला जडली आहे. क्रॉसकंट्रीचा हिशेब नेमका उलटा आहे. तेथे पहिल्याचे कौतुक होते, पण संघाचे भवितव्य पाचव्याच्या पावलांवर अवलंबून असते. शिक्षणसंस्थांनी याहून वेगळा हिशेब तरी का मांडावा?