गोळीची झोप आणि सकाळची साक्ष

झोपेच्या गोळीची खरी पंचाईत ही, की तिच्या बाजूने साक्ष देणारा माणूसच तिच्या अमलाखाली असतो. 'काल काय मस्त झोप लागली,' असं तो सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. पण डायझेपाम, अल्प्राझोलाम ही औषधं नवी आठवण साठवण्याचं मेंदूचं कामही मंदावतात. रात्री दोनदा जाग आली तरी सकाळी ती आठवेलच असं नाही. म्हणून निरोगी माणसाची झोप गोळीने सुधारते का, हे नुसतं त्याला विचारून कळत नाही. डोक्याला तारा लावून रात्रभर काढलेला ईईजी पाहावा लागतो. मेंदूला शांत करणाऱ्या 'गाबा' या रसायनाचा परिणाम ही औषधं वाढवतात, त्यामुळे डोळा लवकर लागतो, मधल्या टप्प्यातली झोप वाढते. मात्र गाढ झोपेची खूण असलेल्या उंच, संथ लहरी दबतात आणि स्वप्नांची झोपही थोडी मागे सरते. झोल्पिडेम या दुसऱ्या झोपेच्या गोळीमुळे हा फरक बराच कमी पडतो, हेही सांगायला हवं.

लहरी दबल्या म्हणून बिघडलं कुठे, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. केवळ आलेखावरून नुकसान सिद्ध होत नाही. मग रोखठोक हिशेब करू. 2012 साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका विश्लेषणात निद्रानाशाच्या रुग्णांनाही झोल्पिडेमच्या जातीच्या गोळ्यांनी, खोट्या गोळीच्या तुलनेत, यंत्राच्या मोजणीनुसार सरासरी 22 मिनिटं आधी झोप लागली. रुग्णांच्या स्वतःच्या अंदाजाने तर फरक 7 मिनिटांचाच. मुळात ज्याला पंधरा-वीस मिनिटांत झोप लागते, त्याच्या पदरात काय पडणार? उलट 2013 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने बायकांसाठी झोल्पिडेमचा नेहमीचा डोस 10 मिलिग्रॅमवरून 5 वर आणायला लावला, कारण सकाळी गाडी चालवताना धोका व्हावा इतकं औषध काहींच्या रक्तात उरत होतं. डायझेपामचा अंश तर काही दिवस रेंगाळतो.

प्रवासात किंवा रात्रपाळीनंतर एखादी घेतली तर? डॉक्टरांनी माणूस पाहून दिली असेल, तर हरकत नाही. आपल्याकडे 2014 पासून अल्प्राझोलामसारख्या गोळ्या विकताना मेडिकलवाल्याला रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहावं लागतं. आजोबांच्या पाकिटातून उचललेली अर्धी गोळी तिथे कधीच नोंदली जात नाही. तीच अर्धी रोजची झाली आणि मग एकदम बंद केली, की काही रात्री झोप पूर्वीपेक्षाही उडते. ही औषध सुटल्याची प्रतिक्रिया असते. घेणारा मात्र तिला आपल्याला गोळी लागतेच याचा पुरावा मानतो आणि पुन्हा पाकिटाकडे वळतो.