सांदणची उतरण

डोंगरची सहल म्हटली की गिरगाव-दादरच्या मंडळींना चढण आठवते. सांदणला मात्र उतरायचे असते! कसाऱ्याची लोकल धरावी, पुढे मोटारीने भंडारदऱ्याजवळचे साम्रद गाठावे. गावालगतच सह्याद्रीच्या काळ्या कातळाला खोल चीर पडली आहे, तीच सांदण. तळाशी ऊन जेमतेम पोचते. वैशाखातही गार पाण्यातून जावे लागते.

पुढे कडे लागतात. तिथे दोर दुहेरी लावतात. पहिला गडी खाली पोचला, की दोराची टोके धरून वर पाहत उभा राहतो. वरच्याचा हात सुटलाच तर याने दोर ताणायचा. कमरेशी अडकवलेल्या आठाच्या आकाराच्या कडीत दोर आवळतो आणि माणूस जागीच थांबतो. म्हणून जोडीदार गप्पिष्ट नसला तरी चालेल, लक्ष देणारा हवा, बरं का!

दोघे उतरले की एक टोक ओढून दोर काढून घेतात. परतीची वाट तिथेच बंद. आता खाली डेहणे, मग आसनगाव स्टेशन. म्हणून वळवाची चिन्हे दिसली, तर पहिला दोर लावण्यापूर्वीच मागे फिरावे. डोक्यावर आकाश निरभ्र असेल. पण वरच्या पठारावर सर आली, की ते पाणी याच चिरेत उतरते.