नकली माशाची चाल

माझं लहानपण रेवदंड्याच्या खाडीकाठी गेलं. भरती लागली की आम्ही पोरं तंगूस, गरी आणि जिवंत कोळंबी घेऊन धक्क्यावर बसायचो. जिताडा लागला तर घरी कौतुक, शेंगाळा लागला तर हाताला काटा. आमिष म्हटलं की ते जिवंत किंवा निदान ताजं असावं, एवढंच आम्हाला ठाऊक. त्यामुळे रबराचा मासा दाखवून खरा मासा पकडतात हे ऐकलं तेव्हा मला ती थट्टाच वाटली होती.

२०१९ च्या जानेवारीत मी अमेरिकेत सॅन डिएगोजवळ भाच्याकडे राहायला गेलो. आठवडाभर तो संगणकापुढे असतो आणि रविवारी पहाटे तलावावर. त्याच्या मोटारीच्या डिकीत एक भली मोठी पेटी असते. ती त्याने माझ्यासमोर उघडली आणि मी दचकलोच. आत वीतभर लांबीचे, हिरवट पाठीचे, अंगावर गुलाबी पट्टा असलेले मासे ओळीने निजवलेले. हात लावला तर मऊ रबर. यांना तिकडे 'स्विमबेट' म्हणतात. पोहणारं आमिष, इतका साधा अर्थ. आज त्यांच्याविषयीच बोलायचं आहे. अशा नकली माशाची निवड कशी करायची आणि ती चुकली की काय होतं, हे मी तिथे शिकलो. दुसरी गोष्ट स्वतःच्या हाताने शिकलो.

आधी बासविषयी. आपल्या जिताड्यालाही इंग्रजीत 'सी बास' म्हणतात, पण त्याचं याचं नातं नाही. तलावातला हा 'लार्जमाउथ बास' गोड्या पाण्यातला, सनफिशच्या कुळातला. नावाप्रमाणे तोंड मोठं, जबडा डोळ्याच्याही मागे गेलेला. सवय मात्र जिताड्यासारखीच. बुडालेलं झाड, खडकाची कड, शेवाळाची किनार गाठून तो दबा धरतो, आणि भक्ष्य जवळ आलं की तोंड एकदम उघडून पाण्यासकट आत ओढून घेतो. चावून खाणं नाही, सगळा कारभार गिळण्याचा. स्वतःच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा मासाही त्याला जड जात नाही.

वीतभर आमिषाची गंमत इथेच आहे. १९५९ साली सॅन डिएगोच्या तलावांत फ्लोरिडाकडच्या जातीचे बास आणून सोडले गेले. ही जात मोठी वाढणारी. त्याच भागातल्या तलावांत हौशी लोकांसाठी थंडीच्या दिवसांत इंद्रधनुषी ट्राउट सोडायची पद्धत आहे. ट्राउट म्हणजे चरबीदार मासा, त्यातून मत्स्यकेंद्रात वाढलेला, धोका न ओळखणारा. बासला हे आयतं ताट मिळालं आणि ते अवाढव्य वाढले. मग माणसांच्या डोक्यात आलं की ट्राउटवर पोसलेल्या माशाला गांडूळ काय दाखवायचं, ट्राउटच दाखवू. ॲलन कोल यांनी केलेला सांध्याचा लाकडी मासा हा या घराण्यातला जुना मान. पुढे मऊ रबराचे आठ इंची ट्राउट आले आणि मग बाजारच उघडला. आज वीस-पंचवीस डॉलरपासून शंभराच्या पुढेपर्यंत किमती जातात.

दुकानात गेलं की डोळे फिरतात. खवले, डोळ्यातली चमक, कल्ल्यामागची लाली, सगळं हुबेहूब. मी भाच्याला म्हटलं, "सगळ्यांत खरा दिसतो तो घे." तो हसून म्हणाला, "मामू, हे रंग गिऱ्हाईकासाठी असतात. माशाला काय हवं ते तलावाला विचारायचं." हे वाक्य मी जपून ठेवलं आहे.

तलावाला विचारायचं म्हणजे, इथला बास खातो काय हे आधी पाहायचं. जिथे ट्राउट सोडतात तिथे हिवाळ्यात सहा ते आठ इंचांचा लांबट नकली मासा चालतो. पण असे तलाव थोडे. बहुतेक ठिकाणी बासचं रोजचं जेवण ब्लूगिल आणि शॅड. ब्लूगिल हा तळहाताएवढा, चपटा, आपल्याकडच्या तिलापीच्या अंगलटीचा. त्याच्यासाठी उंच अंगाचा, पण चार-पाच इंचांचाच नमुना हवा. शॅड हा आपल्या तारलीच्या नात्यातला, थव्याने फिरणारा, चांदीसारखा. त्याच्यासाठी तीन ते पाच इंचांचा, पांढुरका, सडपातळ मासा पुरतो. ट्राउट नसलेल्या तलावात आठ इंची ट्राउट ओढणारे लोक मी पाहिले. दिवसभर ओढतात आणि संध्याकाळी तलावाला नावं ठेवतात.

नवख्याने मोठ्या आमिषापासून सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. मोठ्या आमिषाने मोठा मासा लागतो हे खरं, पण तो क्वचित लागतो. पाच इंची, वल्ह्यासारख्या शेपटीचा मऊ मासा घ्यावा, त्याला एकच गळ असावा, म्हणजे लहानमोठे सगळेच बास त्याच्याकडे वळतात आणि हात बसतो.

दुसरी गोष्ट खोलीची, आणि रंगापेक्षा तिचं मोल कितीतरी जास्त. काही नकली मासे तरंगतात, काही हळू बुडतात, काही दगडासारखे तळ गाठतात. पुष्कळदा वेष्टनावर बुडण्याचा वेग दिलेला असतो, पण त्यावर विसंबू नये. काठाशी, जिथे पाणी किती खोल आहे ते दिसतं, तिथे तो सोडायचा आणि तळाला टेकेपर्यंत आकडे मोजायचे. दहा फुटांना पंधरा आकडे लागले, तर वीस फुटांवर न्यायला तीस. भाचा फेकल्यावर तोंडातल्या तोंडात मोजत असतो, त्या वेळी त्याच्याशी बोललेलं त्याला चालत नाही. कारण सरळ आहे. बास तळालगत दबा धरून असेल आणि आमिष त्याच्या डोक्यावरून पंधरा फूट उंच निघून गेलं, तर त्या सुंदर रंगांचा उपयोग काय? थंडीत पाणी बारा-पंधरा अंशांवर आलं की माशाचं अंगही थंड पडतं, तो लांब धावत नाही. तेव्हा हळू बुडणारा मासा तळाच्या जरा वरून, कंटाळा येईल इतक्या संथपणे ओढायचा. वसंतात पाणी कोमट झालं की बास विणीसाठी उथळ काठाला येतात, तेव्हा वरच्या थरातला चालतो. उन्हाळ्याच्या पहाटे तरंगणारा, पाण्यावर रेघ ओढत जाणारा मासाही काम करतो.

आणि चाल. मऊ माशाची शेपटी थडथड हलते आणि तो धक्का पाण्यातून बासच्या अंगावरच्या संवेदनशील रेषेला जाणवतो. पाणी गढूळ असेल, उजेड कमी असेल, तर हाच बरा, कारण तिथे डोळ्यांपेक्षा ही रेषाच कामाला येते. नितळ पाण्यात एका सांध्याचा, कडक अंगाचा, डावीकडे-उजवीकडे घरंगळत जाणारा मासा सरस. त्याला 'ग्लाइड बेट' म्हणतात. रिळाचा दांडा सारखा फिरवायचा नाही. अर्धा फेरा, थांबा, पुन्हा अर्धा फेरा. थांबला की तो आडवा वळतो, आणि मागून येणाऱ्या बासला वाटतं की भक्ष्य आता उलटून पाहतंय. बहुधा त्याच क्षणी तो घेतो. बहुधा घेत नाही, हेही सांगितलं पाहिजे. मोठा बास दहा-वीस फूट मागे मागे येतो, तुमच्या पायाशी येऊन तुम्हाला पाहतो आणि वळून जातो. काळजाचं पाणी होतं. पण तो आला म्हणजे जागा आणि आकार बरोबर आहे. तेव्हा आमिष बदलण्याआधी वेग बदलून पाहावा.

आता माझी चूक. एका रविवारी भाचा कॉफी आणायला गेला होता. त्याची जड काठी मला पेलत नव्हती. मी हलक्या काठीला, तिच्या बारा पाउंडी तंगुसाला, त्याचा आठ इंची ट्राउट बांधला. खाडीकाठचा माझा हिशेब असा की तंगूस जितका बारीक तितका माशाला कमी दिसणार. चार-पाच वेळा फेकला, काही झालं नाही. मग काठीला हिसका बसला, पुढचा सगळा भाग वाकला, आणि पुढच्याच क्षणी काठी सरळ. तंगूस तुटला होता.

भाचा परत आला. चाळीस डॉलर गेले म्हणून मी माफी मागितली. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पैशाचं नाही, मामू. त्याच्या तोंडात तुम्ही दोन गळ ठेवलेत." त्या ट्राउटच्या पोटाखाली तीन-तीन तोंडांचे दोन गळ होते. माशाने झटकून टाकले असतील तर बरं. नाहीतर जबडा अडकलेला मासा खाणार कसा? मला त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून आमिष निवडण्याआधी काठी आणि तंगूस पाहावा. आठ इंची मासा सत्तर-ऐंशी ग्रॅम भरतो. त्याला साडेसात-आठ फुटांची दणकट काठी आणि वीस-पंचवीस पाउंडी तंगूस लागतो. तो नसेल तर त्या आमिषाला हात लावू नये, मग ते कितीही आवडलेलं असो. फेकून फेकून गाठीजवळ तंगूस खरवडतो, तेवढा तुकडा मधूनमधून कापून गाठ नवी मारावी. गळाचे उलटे काटे पकडीने दाबून टाकावेत, म्हणजे मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही. आणि मऊ मासे ज्या साच्यात विकत मिळतात त्यातच सरळ ठेवावेत. वाकडे पडून राहिले की शेपटीला कायमचा बाक येतो आणि चाल बिघडते.

दुकानदार जे सांगत नाहीत तेही सांगतो. बासचा जागतिक विक्रम जॉर्ज पेरी यांचा, १९३२ सालचा, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला. बावीस पाउंड चार औंस, म्हणजे दहा किलोंच्या जरा वर. तो नकली माशावरच लागला होता, पण त्या काळच्या साध्या लाकडी माशावर. त्याची बरोबरी जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिता यांनी २००९ साली केली, ती जिवंत ब्लूगिल लावून. २००६ साली सॅन डिएगोजवळच्या डिक्सन तलावात मॅक वीकली यांना पंचवीस पाउंडांचा बास लागला, तो छोट्या पांढऱ्या जिगवर. पण गळ तोंडाऐवजी अंगात रुतला होता, म्हणून त्यांनी विक्रमाचा दावा न करता तो सोडून दिला. तेव्हा शंभर डॉलरचा स्विमबेट घेतला म्हणजे विक्रम खिशात, असं नाही.

परत निघण्याआधीच्या रविवारी आम्ही पुन्हा त्याच काठावर गेलो. आभाळ भरलेलं, पाणी जरा गढूळ. भाच्याने पेटी पुढे केली आणि काही बोलला नाही. मी पाच इंची राखी रंगाचा मऊ मासा उचलला, एका गळाचा, आणि जाड तंगुसाची काठी घेतली. बुडालेल्या झाडापलीकडे फेकून बारापर्यंत मोजलं. तीन तास काही नाही. चौथ्या तासाला एक लागला, दोन किलोंच्या आसपासचा. वर घेतल्यावर भाच्याने फोटो काढायच्या आधी खिशातली बॅटरी पेटवून त्याच्या तोंडात पाहिलं. मीही वाकून पाहिलं. जुना गळ नव्हता, जखमही नव्हती. ओल्या हाताने त्याला पाण्यात धरून ठेवला. कल्ले दोनदा उघडले, मिटले, आणि तो झाडाकडे गेला.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)