मणक्यात 'गॅप' पडलाय म्हणे!

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीची आवक जोरात होती. अशा धांदलीच्या दिवसांत एक हमाल बांधव माझ्या दवाखान्यात आले. वय ४२-४३. एका हाताने कंबर धरलेली, दुसऱ्या हातात एक्स-रेचे मोठे पाकीट. खुर्चीवर टेकता टेकताच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मणक्यात गॅप पडलाय म्हणे. बसवून देता येईल का?"

मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला. भाच्याने पाठवलेली चित्रफीत होती. एक माणूस पालथा झोपलेला, दुसरा त्याच्या पाठीवर हातांनी झटका देतो, 'कट्' असा आवाज होतो आणि झोपलेला माणूस हसत उठून बसतो. "असा इलाज मोठ्या शहरात होतो म्हणतात. जाण्यायेण्याचं धरून आठ-दहा हजार लागतील. बायकोची पोत मोडावी म्हणतो. जाऊ का?"

वाचकहो, हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. हळद काढणाऱ्या, सोयाबीन खुरपणाऱ्या बाया, ऊसतोडीला जाणारे मजूर, दिवसभर शिलाई यंत्रावर वाकलेले कारागीर, मोटारसायकलवर गावोगाव फिरणारे विक्रेते, खुर्चीला चिकटलेले कारकून, या सर्वांचे दुखणे एकच. २०२० साली जगात सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे. माणसाला कामावरून घरी बसवणाऱ्या दुखण्यांत तिचा नंबर जगात पहिला लागतो. तेव्हा आज या 'गॅप'विषयी आणि त्या 'कट्' आवाजाविषयी मोकळेपणाने बोलू.

गॅप म्हणजे नेमके काय?

आपला कणा म्हणजे एकावर एक रचलेल्या मणक्यांची माळ. कमरेत असे ५ मोठे मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक लवचिक चकती असते. तिचे बाहेरचे कडे चिवट असते आणि आतला गर पाणीदार असतो. गाडीला जसे शॉकअप, तशी ही चकती. वय वाढते तसे गरातले पाणी कमी होते आणि चकती चपटी होते. एक्स-रेत चकती दिसत नाही, दोन मणक्यांमधली जागा तेवढी दिसते. ती जागा अरुंद झाली की रुग्णाला सांगितले जाते, "गॅप आहे." म्हणजे गंमत पाहा, गॅप पडलेला नसतोच, उलट असलेला गॅप कमी झालेला असतो. तो कोणी हाताने 'बसवू' शकत नाही.

आणि हा बदल दुखण्याचे कारण असतोच असेही नाही. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या तपासण्यांचा एकत्रित अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या आणि ऐंशीच्या वयात ९६ टक्के लोकांच्या. केस पिकावेत तशी ही गोष्ट. म्हणून एक्स-रेच्या कागदावरचे मोठमोठे शब्द वाचून हबकून जाऊ नका. शंभरातल्या सुमारे नव्वद रुग्णांत कंबरदुखीचे एकच एक ठोस कारण सापडत नाही. स्नायूंचा अशक्तपणा, बसण्या-उठण्याच्या सवयी, अंगावरचे ओझे, अपुरी झोप, मनावरचा ताण असे अनेक धागे त्यात गुंतलेले असतात.

पायाळूचा पाय आणि साहेबाचा हात

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय कमरेला लावून घेण्याची रीत आहे. लचक बसवणारे, हाडवैद्य, तेल चोळून देणारे गावोगावी असतात. 'कायरोप्रॅक्टिक' ही अशीच हाताने करण्याची उपचारपद्धती अमेरिकेत जन्मली. आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट गावी १८९५ साली डॅनियल डेव्हिड पामर या गृहस्थाने हार्वे लिलार्ड नावाच्या बहिऱ्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागले, असा त्याचा दावा होता. मणका सरकल्यामुळेच बहुतेक रोग होतात, असे पामर सांगे. ही समजूत विज्ञानाच्या कसोटीला उतरलेली नाही. परंतु पामरचे तत्त्वज्ञान बाजूला ठेवले तरी हाताने सांधे मोकळे करण्याचा कंबरदुखीवर थोडाफार उपयोग होतो, हेही तितकेच खरे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरात जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शिका काढली. तिच्यात शिक्षण आणि व्यायाम यांच्या जोडीला कण्यावरील हस्तोपचार आणि मालिश यांनाही जागा दिली आहे. याच मार्गदर्शिकेने कमरेचा पट्टा आणि वजन लावून कंबर ओढणे हे उपाय नेहमीसाठी वापरू नयेत, असे म्हटले आहे. आपल्याकडे मात्र कंबर दुखली की पहिला पट्टाच विकत आणला जातो!

आणि तो 'कट्' आवाज? तो हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवावर एकदम ताण पडला की त्यात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. आपण बोटे मोडतो तेव्हा येतो तोच. बोटे मोडल्याने बोटांची हाडे कुठे जागेवर बसतात?

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डॉक्टरांची जशी नोंदणी करणारी परिषद आहे, तशी कायरोप्रॅक्टिक करणाऱ्यांसाठी स्वतंत्र परिषद आपल्या देशात नाही. त्यामुळे पाटी कोणी लावली आणि शिक्षण किती झाले, याची खात्री रुग्णालाच करावी लागते. फिजिओथेरपी ही मात्र रीतसर पदवीची शाखा आहे आणि अनेक फिजिओथेरपिस्ट हस्तोपचारही जाणतात. मानेला झटका देण्याचा प्रकार तर टाळलेलाच बरा. त्यात क्वचित मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होऊ शकतो.

माझा अनुभव

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, असे कोणी म्हणू नये म्हणून माझेही सांगतो. २००८ साली माझीच कंबर धरली. दिवसभर खुर्ची आणि संध्याकाळी खड्ड्यांच्या रस्त्याने मोटारसायकल, दुसरे काय होणार? चार महिने गोळ्या घेतल्या. पित्ताने पोट बिघडले. शेवटी एका मोठ्या शहरात जाऊन पाठीवर असा झटका घेतला. 'कट्' झाले, अंग हलके वाटले आणि मी शिटी वाजवत परत आलो. तिसऱ्या दिवशी कंबर पुन्हा होती तिथेच. पुन्हा गेलो, पुन्हा दोन दिवस बरे. तेव्हा उमजले की हाताने थोडा वेळ दार उघडते, पण त्या दारातून चालायचे आपल्यालाच असते. मी पहाटे चालायला लागलो, रोज वीस मिनिटे व्यायाम धरला, दर अर्ध्या तासाने खुर्चीतून उठायची सवय लावली. तीन महिन्यांनी गोळ्या सुटल्या. आजही आठवडाभर आळस केला की कंबर आठवण करून देते.

इथे पायाळूच्या पायाचेही गुपित सांगून टाकतो. अचानक भरलेली उसण बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआपच उतरते. त्या काळात ज्याचा पाय लागला किंवा ज्याची गोळी घेतली, श्रेय त्याच्या पदरात पडते.

इथे हात लावू देऊ नका

आता एक कडू आठवण. आमच्या भागातल्या एक शेतमजूर बाई तीन महिने पाठ चोळून आणि दाबून घेत होत्या. प्रत्येक वेळी दुखणे वाढत होते. माझ्याकडे आल्या तेव्हा वजन उतरलेले, संध्याकाळी बारीक ताप, रात्री झोपेतही ठणका. तपासणीत निघाला मणक्याचा क्षयरोग. पोखरलेल्या मणक्यावर तीन महिने जोर दिला जात होता! आणखी थोडा उशीर झाला असता तर दोन्ही पाय गेले असते. वर्षभराच्या औषधाने त्या बऱ्या झाल्या, आज खुरपणीला जातात. पण दैव बलवत्तर म्हणून. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. पोषणासाठी दरमहा मिळणारी मदतही नोव्हेंबर २०२४ पासून ५०० ची १,००० रुपये झाली आहे.

म्हणून पुढीलपैकी एकही लक्षण असेल तर मालिश नको, झटका नको, आधी डॉक्टर गाठा:

१) लघवी अडणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे किंवा जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा येणे. अशा वेळी त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. 
२) पायातली शक्ती कमी होणे. चालताना पायातली चप्पल निसटते आणि कळतही नाही, हे त्याचे साधे लक्षण. 
३) ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारा ठणका. 
४) पूर्वी कर्करोग झालेला असणे. 
५) पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे. उतारवयात, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांत, साध्या घसरण्यानेही मणका दबतो.

कमरेतून निघून पोटरीपर्यंत जाणारी कळ म्हणजे सायटिका. आयुर्वेदात तिला गृध्रसी म्हणतात. तीही बहुतेकांची शस्त्रक्रियेशिवाय बरी होते, पण डॉक्टरांच्या नजरेखाली.

मग करावे काय?

सर्वांत पहिले म्हणजे खाटेला खिळून राहू नका. पूर्वी आम्ही डॉक्टरच पंधरा-पंधरा दिवस झोपून राहायला सांगत असू. पण १९८६ साली अमेरिकेतील एका अभ्यासात दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांइतकीच गुणकारी ठरली. १९९५ साली फिनलंडमधील अभ्यासात तर झेपेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे रुग्ण झोपून राहिलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले.

दुसरे, चाला. हे औषध फुकटचे आहे. ऑस्ट्रेलियात नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ लोकांवर केलेला प्रयोग २०२४ साली प्रसिद्ध झाला. हळूहळू वाढवत आठवड्यातून ५ दिवस, रोज अर्ध्या तासापर्यंत चालण्याचे उद्दिष्ट ज्यांना दिले, त्यांचे दुखणे मध्यमानाने २०८ दिवसांनी उलटले, न चालणाऱ्यांचे ११२ दिवसांनी. आपल्याला हे ऑस्ट्रेलियाने सांगायला हवे काय? शेगावची गजानन महाराजांची पालखी सेनगाव, नर्सी नामदेव, औंढ्यामार्गे पंढरीला जाते. तिच्यात साठी उलटलेल्या माउल्या आपल्या तरण्या पोरांपेक्षा ताठ चालताना दिसतात, ते उगीच नव्हे.

तिसरे, व्यायाम. पाठीवर झोपून गुडघे मुडपून कंबर उचलणे म्हणजे सेतुबंधासन, पालथे झोपून भुजंगासन, आणि हात-गुडघ्यांवर ओणवे होऊन मांजरीसारखी पाठ वर-खाली करणे. प्रत्येकी १० वेळा, सकाळ-संध्याकाळ. कळ पायात उतरत असेल तर तो व्यायाम थांबवावा. आजवर सवय नसेल तर पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावे.

चौथे, ओझे. कमरेतून वाकून उचलू नका. गुडघे वाकवा, ओझे अंगाजवळ घ्या, मगच उठा. ओझे उचललेले असताना कंबर पिळू नका, पावले टाकून वळा. घागर किंवा पोते एका बाजूला झुकून नेण्यापेक्षा दोन खेपा बऱ्या. खुरपताना दर अर्ध्या तासाने उभे राहून पाठ मागे ताणावी. मुकादमाने त्यावर कुरकुर करू नये. दोन मिनिटांनी मजुरी बुडत नाही, कंबर मात्र वाचते.

पाचवे, गरम पाण्याचा शेक, निर्गुडीच्या किंवा एरंडाच्या पानांचा शेक, तिळाच्या तेलाची हलकी मालिश जरूर करा, आराम वाटतो. पण दुकानातून आणून महिनोन्महिने खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंड आणि जठर दोन्ही बिघडवतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत कंबरदुखी अधिक आढळते, हेही सांगून ठेवतो.

पोत मोडली नाही

आता त्या हमाल बांधवांकडे येऊ. मी त्यांना तपासले. पायांची शक्ती ठीक होती, वरचे एकही धोक्याचे लक्षण नव्हते. सवयीने माझ्या तोंडून निघाले, "वजन उचलू नका." ते शांतपणे म्हणाले, "मग खायचं काय?" मी खजील झालो. पोटाचा प्रश्न असलेल्या माणसाला असा सल्ला देणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे. पोत्याचे वजन कमी करा, ही मागणी हमाल संघटना वर्षानुवर्षे का करत आल्या, ते त्या दिवशी मला नीट कळले. काही आजारांचे औषध दवाखान्यात नसते, बाजार समितीच्या बैठकीत असते.

मग आम्ही दोघांनी मिळून हिशेब मांडला. शहराची फेरी रद्द. दोन आठवडे हलके काम, पोते पाठीवर चढवताना दोन जोडीदारांचा हात, सकाळी व्यायाम, आणि संध्याकाळी बिनओझ्याचे चालणे. "दिवसभर चालतोच की," ते म्हणाले. मी म्हटले, "ते पोते चालते, तुम्ही नाही."

दिवाळीच्या आधी ते पुन्हा आले, या वेळी मेव्हण्याला घेऊन. कंबर पूर्ण थांबलेली नव्हती. हंगामात दुखते, पण खाडा पडत नाही, असे म्हणाले. सोबत पत्नीही होत्या. त्यांच्या गळ्यात पोत होती.

वाचकहो, कंबरेला ज्याने त्याने आपल्या रोजच्या वागण्यानेच सावरायचे असते. हात लावणारा जाणकार असला तर थोडी मदत होते, एवढेच. धोक्याची लक्षणे तेवढी पाठ करून ठेवा आणि उद्या सकाळी चपला घालून घराबाहेर पडा.