रेडवूडच्या जंगलात काय कराल?

कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावरचे रेडवूड राष्ट्रीय उद्यान १९६८ साली स्थापन झाले. शेजारच्या राज्य उद्यानांसह ते १९८० पासून जागतिक वारसास्थळ आहे. इथली झाडे १०० मीटरपेक्षाही उंच वाढतात.

• भटकंती : लेडी बर्ड जॉन्सन वनराईतली सुमारे अडीच किलोमीटरची फेरी मुलांनाही जमते.

• फर्न कॅनियन : नेच्यांनी मढलेल्या कड्यांमधून, ओढ्याच्या पाण्यातून चालायचे. उन्हाळ्यात गाडीने जायचे तर परवाना आधीच काढावा.

• मुक्काम : गोल्ड ब्लफ्स बीचवर समुद्रालगत तंबूची सोय. जागा आधी राखून ठेवावी.

• नदी : उन्हाळ्यात स्मिथ नदीत पोहणे, कयाक चालवणे.

• वन्यजीव : कुरणांत रूझवेल्ट एल्कचे कळप चरतात. ते दुरूनच पाहावेत.

• हे पाळाच : रेडवूडची मुळे उथळ असतात आणि पायांखाली माती दबली की त्यांना इजा होते. पायवाट सोडू नका.