घर घेण्यापूर्वी सेप्टिक टँक तपासून घ्या

आपल्या संस्थेचे अनेक सभासद चाळीतील खोली किंवा सरकारी वसाहत सोडून शहराबाहेर स्वतःचे घर घेत आहेत. फंड, ग्रॅच्युइटी आणि बँकेचे कर्ज मिळून हा व्यवहार होतो. ही प्रगती आनंदाची आहे. परंतु घर पाहताना आपण फरशी, रंग, नळ पाहतो, सातबारा वकिलाला दाखवतो. अंगणातील झाकणाखाली काय आहे हे मात्र पाहत नाही. जेथे भुयारी गटार पोचलेले नाही, तेथे बहुतेक घरांचा मैला सेप्टिक टँकमध्ये जातो. म्हणून या विषयाची थोडी माहिती सभासदांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटते.

सेप्टिक टँक म्हणजे तळातून व भिंतींतून पाणी न झिरपणारी, जमिनीतील बंद टाकी. मैल्यातील जड भाग गाळ होऊन तळाशी बसतो, हलका भाग वर तरंगतो आणि हवेशिवाय जगणारे जीवाणू गाळ कुजवून कमी करतात. मधले पाणी बाहेर पडते. त्यात रोगजंतू असतात. म्हणून ते शोषखड्ड्यात मुरवावे लागते. पुष्कळ ठिकाणी खर्च वाचवण्यासाठी तळच बांधला जात नाही, किंवा शोषखड्डा न करता पाणी सरळ उघड्या गटारात सोडले जाते. वरून दोन्ही घरे सारखीच दिसतात.

तपासणी कोणाकडून करावी? बिल्डरच्या इंजिनियरला पगार बिल्डर देतो. दलालाला व्यवहार झाला तरच दलाली मिळते. यास्तव विक्रेत्याशी संबंध नसलेला स्थापत्य अभियंता आपण स्वतः नेमावा, त्याची फी आपण द्यावी आणि अहवाल लेखी घ्यावा. हे सर्व इसार देण्यापूर्वी व्हावे.

अभियंत्याकडून पुढील गोष्टी पाहून घ्याव्यात.

१) आकार : भारतीय मानक २४७० (१९८५) प्रमाणे पाच माणसांच्या टाकीची लांबी दीड मीटर, रुंदी पाऊण मीटर आणि पाण्याची खोली सुमारे एक मीटर असावी. मंजूर नकाशा व प्रत्यक्ष टाकी जुळते का, हेही पाहावे.

२) पाण्याची पातळी : वापरातील टाकीत पाणी बाहेर जाणाऱ्या नळीपर्यंत असते. त्याखाली असेल तर टाकी गळत असण्याचा संभव आहे. नळीच्या वर असेल तर नळी किंवा शोषखड्डा तुंबलेला असावा.

३) शोषखड्डा : तो पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर हवा. शेजाऱ्याची विहीरही मोजावी. काळ्या चिकण मातीत पाणी सावकाश मुरते. म्हणून पावसाळ्यात काय होते ते शेजाऱ्यांना विचारावे.

४) झाकणे व रस्ता : झाकणांवर फरशी बसवलेली नसावी. मैला उपसणाऱ्या गाडीचा पाईप टाकीपर्यंत पोचला पाहिजे.

५) चाचणी : बंद घरात दोष दिसत नाही. सर्व संडासांत बादल्यांनी भरपूर पाणी ओतावे आणि ते कोठे जाते, परत तुंबते का, हे पाहावे.

तपासणी बाहेरूनच, बांबू किंवा मोजपट्टीने करावी. टाकीत कोणीही उतरू नये, वाकून डोके घालू नये, काडी पेटवू नये. आत मिथेन हा पेट घेणारा आणि हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की वास घेण्याची शक्तीच जाते. वास येत नाही म्हणून धोका नाही, असे समजू नये.

दोष आढळला तर घर सोडलेच पाहिजे असे नाही. दुरुस्ती विक्रेत्याने करावी किंवा तेवढी किंमत कमी करावी, अशी अट साठेखतात लिहून घ्यावी. खरेदीखत झाल्यावर तोंडी आश्वासनाला किंमत उरत नाही.

हा प्रश्न केवळ पैशांचा नाही. जिथे गाडी पोचत नाही, जी टाकी वारंवार तुंबते, तिथे शेवटी माणूस उतरवला जातो. सुरक्षा साधनांशिवाय माणसाकडून सेप्टिक टँक साफ करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अशा मृत्यूसाठी तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. तरीही मृत्यू थांबलेले नाहीत, आणि मरणारे बहुतांशी दलित आहेत. जे काम जातीच्या नावाने आपल्या माणसांवर लादले गेले, ते आपल्या नव्या घराच्या अंगणात पुन्हा कोणावर लादले जाऊ नये.

टाकी दर दोन-तीन वर्षांनी गाडीनेच उपसून घ्यावी. वाई व सिन्नर या नगरपरिषदांनी ठरावीक काळाने घरोघरच्या टाक्या यंत्राने उपसण्याची पद्धत सुरू केली. आपल्या गावीही तशी मागणी करता येईल.

स्थापत्य शाखेत शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी अशा तपासणीला अनुभवी अभियंत्याबरोबर जावे व हे काम शिकून घ्यावे. पुढे समाजातील एखादे कुटुंब आयुष्याची पुंजी घरात घालील, तेव्हा त्याला विश्वासाने विचारता येईल असा जाणकार माणूस आपल्यातच असेल.